शिखर एक, कायदे दोन

संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील 'निमास' या गिर्यारोहण संस्थेच्या पथकाने १८ मे २०२५ रोजी कांचनगंगा सर केले आणि आठवडा उलटण्याआधीच सिक्कीमचे मुख्यमंत्री प्रेमसिंह तमांग यांनी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांना पत्र लिहून आपली नाराजी कळविली. प्रत्येक राज्याच्या सर्वोच्च स्थानी तिरंगा फडकाविण्याच्या उपक्रमातील ही चढाई होती. विसंगती अशी, की सिक्कीमचे सर्वोच्च शिखर गाठण्यासाठी पथकाला नेपाळमधून जावे लागले. सिक्कीमने २००१ पासून या पर्वतावर चढण्यास बंदी घातली आहे. त्याआधी एका ऑस्ट्रियन मोहिमेला परवानगी दिल्यावरून तेथे मोठा क्षोभ उसळला होता.

८,५८६ मीटर उंचीच्या या पर्वताच्या माथ्यावरूनच भारत-नेपाळ सीमा जाते. पूर्वेकडून तो देव. पश्चिमेकडून शुल्क भरून मिळणारा परवाना.

आपल्या भूगोलाच्या पुस्तकांतून रुळलेल्या 'कांचनगंगा' या नावात मुळात ना कांचन आहे, ना गंगा. भुतियांच्या भाषेतील 'खांगचेंडझोंगा' म्हणजे महाहिमाचे पाच खजिने. लेपचांच्या श्रद्धेनुसार याच पर्वताच्या हिमातून पहिले मानवी जोडपे घडले. लिंबू त्याला 'सेवालुंगमा', म्हणजे वंदनीय पर्वत म्हणतात, आणि लिंबूंची वस्ती सीमेच्या दोन्ही अंगांना आहे. त्यामुळे हा वाद सिक्कीमची श्रद्धा विरुद्ध नेपाळचा व्यवहार इतका सरळ नाही. परवाने काठमांडू देते, पण पायथ्याच्या लिंबूंनाही तो पर्वत वंदनीयच आहे.

यावर तोडगा निघू शकतो, हे १९५५ मध्ये दिसले होते. त्या वर्षी २५ मे रोजी जो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे ब्रिटिश गिर्यारोहक नेपाळच्या बाजूने माथ्यापर्यंत पोहोचले. पण सिक्कीमच्या राजाला दिलेल्या शब्दाला जागून शेवटची काही पावले त्यांनी टाकली नाहीत. १९७७ मध्ये कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखालील भारतीय सेनेच्या मोहिमेनेही सिक्कीमच्या बाजूने चढून हाच संकेत पाळला. अलीकडच्या व्यावसायिक मोहिमांच्या गर्दीत त्याची आठवण क्वचितच निघते. २०१९ मध्ये पुण्याच्या 'गिरिप्रेमी'चे दहा गिर्यारोहक येथे पोहोचले, तेव्हा महाराष्ट्राने त्यांचे कौतुक केले. ते रास्तच होते. पण बंदीमागच्या श्रद्धेची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही.

मुख्यमंत्र्यांनी पत्रात १९९१ च्या प्रार्थनास्थळविषयक कायद्याचा आधार घेतला आहे. पण हा कायदा सीमेपलीकडे चालत नाही आणि परवान्यांच्या उत्पन्नावर नेपाळ सहजासहजी पाणी सोडेल, असेही नाही. केंद्राच्या हाती उरते ते एवढेच, की आपल्या अखत्यारीतील संस्थांना या शिखरावर पाठवू नये, किंवा पाठवलेच तर १९५५ चा संकेत त्यांच्यावर बंधनकारक करावा. त्यासाठी काठमांडूशी वाटाघाटी करण्याची गरज नाही. दिल्लीतील एक परिपत्रक पुरेसे आहे.