टॅबलेट घेताना



एकेकाळी शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी कोणाच्या हाती पाटी असे, कोणाच्या हाती तख्ती. आज जवळजवळ त्याच आकाराचा टॅबलेट आला आहे. त्यावर धडा वाचता येतो, निबंध लिहिता येतो आणि क्रिकेटचा सामनाही पाहता येतो. अभ्यास आणि करमणूक, दोन्ही एकाच यंत्रावर! मग तो निवडावा कसा?

माझे मत असे की, आधी काम पाहावे, मग करमणूक. जो टॅबलेट कामाला चांगला, तो करमणुकीला बहुधा चालतोच. उलट, केवळ करमणुकीसाठी घेतलेला टॅबलेट कामाला उपयोगी पडेलच असे नाही.

२०११ साली भारत सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' नावाचा स्वस्त टॅबलेट आणला. किंमत ऐकून लोकांना आनंद झाला. पण त्याचा पडदा ७ इंचांचा होता आणि हलक्या स्पर्शाने तो चालत नसे; बोट दाबावे लागे. २०१२ च्या सुधारित 'आकाश'मध्ये हा पडदा बदलण्यात आला. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरेच. पण नुसती किंमत पाहूनही चालत नाही.

पडद्याचे इंच एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजतात. पाठ्यपुस्तकाचे मोठे पान ७ इंचांच्या पडद्यावर फार बारीक दिसते. १० इंचांच्या पडद्यावर ते डोळ्यांना ताण न देता वाचता येते, आणि चित्रपटही चांगला दिसतो. खोक्यावर ६४ जीबी लिहिलेले असले, तरी सगळी जागा आपल्याला मिळत नाही. काही जागा यंत्र स्वतःच्या कामासाठी वापरते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिता आणि मराठी डावीकडून उजवीकडे. तुमच्या टॅबलेटला दोन्ही यायला हवे. म्हणून दुकानातच आपले नाव दोन्ही लिप्यांत लिहून पाहा. उर्दू अक्षरे तुमच्या पुस्तकातल्यासारखी नस्तालीक वळणाची दिसतात का? मराठीतील जोडाक्षरे नीट उमटतात का? दुकानदार घाई करील. तुम्ही करू नका. जे यंत्र तुमची भाषा नीट लिहू देत नाही, त्यावर तुम्ही फक्त दुसऱ्यांनी केलेले पाहत बसाल. स्वतः काही लिहिणार नाही.

टॅबलेटसाठी घरातील मोठी माणसे कष्टाचे पैसे खर्च करतात. घरात भावंडे असतील, तर त्यांचाही त्यावर हक्क आहे. म्हणून खरेदीपूर्वी एका कागदावर दोन रकाने करा: 'काम' आणि 'करमणूक'. कोणाला काय हवे, ते सर्वांना विचारून लिहा. तो कागद घेऊनच दुकानात जा. मग जाहिरात कितीही मोठी असो, निवड तुमचीच राहील.