खात्यातला एक रुपया



बँकेत हिशेबतपासणीचे काम करीत असताना एका नोंदीचे मला नेहमी कौतुक वाटे. शाखेतील एखाद्या जुन्या तिजोरीवर किंवा लाकडी कपाटावर वर्षानुवर्षे घसारा आकारत गेले, की एके दिवशी त्या वस्तूची पुस्तकी किंमत संपते. वस्तू मात्र जागेवरच असते. अशा वेळी तिच्यासमोर शून्य न लिहिता एक रुपया लिहिला जाई. त्या एका रुपयाचा अर्थ इतकाच, की वस्तूचा खर्च वसूल झाला आहे, परंतु वस्तू अजून आपली आहे. तिचा विसर पडू देऊ नका.

मुंबईच्या ट्रामविषयी विचार करताना मला हा रुपया वारंवार आठवतो. तेथील शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी रात्री दहा वाजता बोरीबंदरहून दादरकडे निघाली. तो सरकारी वर्षाचा अखेरचा दिवस होता. गाडी माणसांनी खच्चून भरली होती आणि निरोप देण्यासाठी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते. नव्वद वर्षांचे खाते त्या रात्री बंद झाले.

आपल्या नगरच्या व्यापारी घराण्यांचाही या खात्याशी थोडा संबंध आहे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि नगरचा व्यापारी मालखरेदीसाठी रेल्वेने मुंबईस जाऊ लागला. माझे वडील कापडबाजारातील आमच्या दुकानासाठी वर्षातून दोन-तीनदा मुळजी जेठा मार्केटला जात. बोरीबंदरला उतरले की काळबादेवीकडे जाणारी ट्राम पकडायची, दिवसभर भाव पाहायचे, गाठी बांधून घ्यायच्या आणि सायंकाळी पायधुनीजवळच्या धर्मशाळेत परतायचे. वडिलांचा चौविहाराचा नियम होता. सूर्यास्तापूर्वी भोजन आणि पाणी आटोपले नाही, तर रात्र उपाशी काढावी लागे. त्यामुळे व्यवहार कितीही रंगात आला, तरी त्यांचे लक्ष उतरत्या उन्हाकडे असे. ‘ट्राम मिळाली म्हणजे चौविहार साधला’, असे ते म्हणत. ट्राम बंद झाली तेव्हा मी अगदी लहान होतो. मी ती पाहिलेली नाही. ती माझ्यापर्यंत पोहोचली ती या एका वाक्यातून.

या वाहनाचा आरंभ ९ मे १८७४ रोजी झाला. कुलाबा ते पायधुनी आणि बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुनी अशा दोन मार्गांवर ट्राम धावू लागल्या. कुलाबा ते पायधुनी या प्रवासाचे भाडे तीन आणे होते. गाडी ओढीत ते घोडे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरते तेव्हा घर्षण फार कमी होते, म्हणून खडबडीत रस्त्यावर जेवढे ओझे ओढणे अशक्य, तेवढे ओझे घोडे रुळांवरून नेऊ शकत. तरीही गाडी खच्चून भरलेली, रस्ता चढाचा आणि महिना वैशाखाचा असला म्हणजे त्या मुक्या जीवांचे काय होत असेल, याची कल्पना आपणा वाचकांना वेगळी द्यावयास नको. प्रारंभी कंपनीजवळ ९०० घोडे होते. १९०५ पर्यंत त्यांची संख्या १,३६० झाली. उन्हापासून रक्षण व्हावे म्हणून त्यांच्या डोक्यावर टोप्या घालीत, ही हकीकत अनेक जण गमतीने सांगतात. मला त्यात गंमत वाटत नाही. टोपीची गरज भासली, यातच त्यांच्या कष्टांची कबुली आहे.

याच मुंबईत भुलेश्वरला १८३४ पासून पांजरापोळ होती. जीवदयेची ही संस्था आणि घोड्यांची ट्राम एकमेकींपासून फार दूर नव्हत्या. जुन्या गोष्टींवर प्रेम करणाऱ्या माणसाने ही दोन्ही पाने एकत्र वाचावीत, असे मला वाटते. गतकाळाचे स्मरण ठेवायचे तर त्यातील नफ्याबरोबर तोटाही मांडला पाहिजे, नाहीतर तो ताळेबंद खोटा ठरेल.

म्हणूनच ७ मे १९०७ हा दिवस मला पहिल्या दिवसापेक्षाही मोठा वाटतो. त्या दिवशी मुंबईत विजेवरची ट्राम सुरू झाली. डोक्यावरील तारेतून एका दांड्याच्या साहाय्याने वीज गाडीत यायची, तळाशी बसविलेली मोटर फिरवायची आणि रुळांवाटे परत जायची. चालक उभ्या उभ्या हाताने मूठ फिरवून वेग कमी-अधिक करीत असे. धूर नाही, राख नाही आणि कोणाच्या पाठीवर चाबूकही नाही. पुढे प्रवासी वाढले, तेव्हा सप्टेंबर १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. १९२६ मध्ये बसगाड्या सुरू झाल्या आणि ट्रामला भागीदार मिळाला. हाच भागीदार कालांतराने पेढीचा मालक झाला. बसला रूळ लागत नाहीत, रस्ता अडला तर ती वळसा घेऊन जाते. मोटारींच्या गर्दीत एका रेषेत चालणारी ट्राम अडचणीची वाटू लागली. त्या वेळच्या कारभाऱ्यांना मी दोष देणार नाही. मी त्यांच्या जागी असतो, तर आकडे पाहून कदाचित त्याच कागदावर सही केली असती.

दोष आहे तो पुढच्या नोंदीत. खाते बंद करताना एक रुपया मागे ठेवायला हवा होता. आज मुंबईत ट्राम पाहावयाची, तर आणिक आगारातील बेस्टच्या संग्रहालयात तिच्या लहान प्रतिकृती पाहाव्या लागतात. फ्लोरा फाउंटनच्या परिसरात काही वर्षांपूर्वी खोदकाम चालू असताना डांबराखाली जुने रूळ सापडले, तेव्हा लोक थबकून पाहू लागले. आणि अलीकडे बोरीबंदरसमोरच्या भाटिया बागेत स्मरणार्थ ट्रामचा एक डबा ठेवण्यात आला, तो आणावा लागला कोलकात्याहून! ज्या शहराच्या रस्त्यांवर नव्वद वर्षे ट्राम धावली, त्याला आपल्या आठवणीसाठी दुसऱ्याच्या घरची वस्तू मागून आणावी लागावी, हे हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर महागात पडलेले निर्लेखन होय.

कोलकात्यात घोड्यांची ट्राम मुंबईच्या आधी एक वर्ष, १८७३ मध्ये धावली आणि १९०२ पासून विजेची ट्राम सुरू झाली. तेथे ती टिकली, त्यामागे ट्रामप्रेमी नागरिकांचाही वाटा आहे. १९९६ पासून मेलबर्न आणि कोलकाता या दोन शहरांतील ट्रामप्रेमी ‘ट्रामयात्रा’ नावाचा उत्सव करीत आले आहेत; एखादी जुनी गाडी चित्रांनी सजवून, गाणी गात ती शहरातून फिरवितात. २०१४ मध्ये एस्प्लनेड येथे ट्रामच्या डब्यातच एक छोटे संग्रहालय उघडण्यात आले. सप्टेंबर २०२४ मध्ये तेथील सरकारने मैदान ते एस्प्लनेड हा स्मरणमार्ग वगळून बाकी ट्राम बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा हीच मंडळी पुन्हा एकत्र आली. मार्ग वाचावेत म्हणून नागरिक उच्च न्यायालयातही गेले आहेत. त्यांना ना नफा मिळणार आहे, ना पद. आपल्या वेळेचा आणि पैशाचा खर्च करून ते एका सार्वजनिक वस्तूचे विश्वस्त झाले आहेत.

इंग्लंडमधील ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावाने वेगळा मार्ग काढला. तेथे १८८५ पासून विजेची ट्राम आहे. २०१२ मध्ये नव्या गाड्या आणल्या गेल्या, तेव्हा जुन्या सगळ्याच भंगारात न घालता काही निवडून राखल्या. नवे आणताना जुन्यातले किती ठेवायचे, हा प्रश्न त्यांनी वेळेवर विचारला, एवढेच.

नगरकरांना हे नवीन नाही. आपल्याकडे १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे आणि लांबून लोक ते पाहावयास येतात. लष्कराने आपला वारसा निष्ठेने जपला, याबद्दल मनात आदरच आहे. तरीही तेथून परतताना दर वेळी एक विचार मनात येतो. युद्धाची यंत्रे आपण इतक्या काळजीने सांभाळतो. मग ज्या गाडीने लाखो माणसांना कामावर आणि घरी पोहोचविले, तिच्या वाट्याला एक छप्परही का येऊ नये?

येथे कोणी विचारील, की हा संग्रहाचा मोह अपरिग्रहाशी कसा जुळतो? प्रश्न रास्त आहे, आणि मी तो स्वतःला विचारला आहे. मला सापडलेले उत्तर असे. परिग्रह म्हणजे ‘माझे’ म्हणून धरून ठेवणे. शंभर वस्तू कपाटात कोंबून त्यांवर कुलूप घालणे, हा मोहच. परंतु शंभरांतील नव्व्याण्णव सोडून एक सर्वांसाठी राखणे, तिच्याशेजारी चार ओळी लिहून ठेवणे आणि पुढच्या पिढीच्या स्वाधीन करणे, याला मी ममत्व म्हणणार नाही. त्याला विश्वस्तवृत्ती म्हणावे.

हे सांगण्याचा अधिकार मला आहे का, तेही सांगतो. वडिलांच्या पश्चात आम्ही दुकानाचे नूतनीकरण केले. माळ्यावर जुन्या वह्या, लाकडी गल्ला आणि कापड मोजण्याचा लोखंडी गज होता. त्या गजाने आजोबांनी आणि वडिलांनी आयुष्यभर कापड मोजले. त्याच्या मधल्या भागाला हाताने घासून तकाकी आली होती. भंगारवाला आला आणि मी स्वतः तो गज त्याच्या काट्यावर ठेवला. जन्मभर कापड मोजणारी वस्तू किलोच्या भावाने गेली. किती रुपये आले, हे मला आठवत नाही. दुसऱ्यांच्या पुस्तकांत एक रुपयाची नोंद राहिली आहे की नाही, हे पाहण्यात माझी नोकरी गेली, आणि घरच्या वहीत ती करायची राहून गेली.

गेल्या दिवाळीत वहीपूजन करताना नातवाने विचारले, ‘आजोबा, गज म्हणजे नक्की केवढा?’ मी दोन्ही हात पसरून दाखविले. त्याने मान डोलावली, पण त्याला समजले नाही, हे मला दिसत होते. शेवटी मी त्याला बाजारातील एका जुन्या स्नेह्यांच्या दुकानी घेऊन गेलो. त्यांनी आपल्याकडचा गज काढून दिला. नातवाने तो दोन्ही हातांत धरला, त्याचे वजन पाहिले आणि कितीतरी वेळ खाली ठेवला नाही.

आपल्यापैकी ज्यांच्या दुकानांचे, पेढ्यांचे काम यंदा निघाले असेल, त्यांना माझी नम्र विनंती आहे. भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी एकदा माळ्यावर जाऊन या. सगळे ठेवू नका. एक वस्तू ठेवा, आणि ती कोणाची, कशाची, हे एका चिठ्ठीवर लिहून तिला बांधून ठेवा.