पात्यावरच्या नावासाठी कोणते यंत्र?

पनवेल, पेण, कर्जतच्या पट्ट्यात लोहाराच्या भात्यावर ट्रकच्या पाट्यापासून आजही कोयते घडतात. दुसरीकडे बेल्ट ग्राइंडरवर स्टेनलेस पोलादाची स्वयंपाकाची सुरी घडवणारा नवा कारागीरही आपल्या व्यवसायात आला आहे. या दोघांनाही आज एकच प्रश्न पडतो. पात्यावर आपले नाव उमटवायचे ठरवले, तर इलेक्ट्रो-एचिंगचे कोणते यंत्र घ्यावे? विक्रेत्यांकडे गेले की चर्चा पेटीवर सुरू होते आणि पेटीवरच संपते: किती व्होल्ट, किती अँपिअर, टायमर आहे का, आयात केलेले आहे का. आमच्या मते ही चर्चाच उलट्या टोकाने सुरू होते. पात्यावरची खूण चांगली उमटणे हे स्टेन्सिलवर आणि प्रवाह मोजता येण्यावर अवलंबून असते. पेटीच्या किमतीचा त्याच्याशी फार थोडा संबंध आहे. ही नुसती काटकसरीची शिकवण नाही, त्यामागे हिशेब आहे.

पाते डीसी पुरवठ्याच्या धन टोकाला जोडले, त्यावर स्टेन्सिल ठेवले आणि क्षारद्रावात भिजवलेला नमदा लावलेला ऋण टोकाचा ठोकळा त्यावर टेकवला, की स्टेन्सिलच्या उघड्या भागातले लोखंड विरघळू लागते. ते किती विरघळेल याचा नियम फॅरेडेने १८३३-३४ मध्येच मांडून ठेवला आहे. एक अँपिअर प्रवाह एक मिनिट वाहिला, तर जास्तीत जास्त सुमारे १७ मिलिग्रॅम लोखंड निघते. आपल्या नावाची चौकट २० बाय १० मिलिमीटरची आहे आणि तिच्यातला पाव भाग अक्षरांनी व्यापला आहे, असे धरू. म्हणजे उघडे क्षेत्र अर्धा चौरस सेंटिमीटर झाले. एवढ्या प्रवाहाने तिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजले तर चार-साडेचार भाग खोली मिळते. प्रवाह दोन अँपिअर केला तर तीच खोली अर्ध्या मिनिटात मिळते. प्रत्यक्षात काही प्रवाह बुडबुड्यांत वाया जातो, त्यामुळे खोली याहून थोडी कमीच भरते. पण मुद्दा तोच राहतो. खोली ठरते ती प्रवाह गुणिले वेळ या गुणाकाराने, आणि पेटी कोणत्या देशातून आली हे त्या गुणाकारात कुठेही येत नाही.

म्हणून वीजपुरवठ्याकडून मागण्या मोजक्याच आहेत, मात्र त्यांत तडजोड नको. डीसी आणि एसी दोन्ही हवेत. डीसी धातू खोदतो, आणि खोदून झाल्यावर काही सेकंद एसी दिला की त्या खोलगटात काळा ऑक्साइड बसतो. फक्त डीसी देणाऱ्या मोबाइल चार्जरच्या जुगाडाने स्टेनलेसवर राखाडी, धुरकट खूण मिळते आणि कारागीर तिचा दोष पोलादाला देतो. दुसरे म्हणजे अँपिअर दाखवणारा मीटर हवा. व्होल्ट पाहून एचिंग करणारा माणूस नमदा किती ओला आहे आणि हात किती दाबला आहे याच्या भरवशावर असतो. मीटर असला की नमदा सुकू लागल्याचे काट्यावर लगेच दिसते, ठिणगी पडण्याआधी. पॉलिश झालेल्या पात्यावर पडलेला ठिणगीचा खड्डा पुन्हा ग्राइंड केल्याशिवाय जात नाही, हे ज्याने एकदा केले आहे त्याला सांगायला नको. तिसरी गोष्ट सुरक्षेची आहे. २३० व्होल्ट उतरवून १२ ते २४ व्होल्ट देणारा, दोन वेगळ्या वेटोळ्यांचा ट्रान्सफॉर्मरच वापरावा. डिमरस्टॅट फिरवून व्होल्टेज खाली आणणे आणि तेच थेट ओल्या नमद्याला जोडणे हा जीवघेणा उद्योग आहे, कारण डिमरस्टॅटमध्ये घरातली लाइन आणि तुमचा हात यांच्यात काहीच अडसर नसतो. ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, फ्यूज, मीटर आणि एसी-डीसी बदलणारा स्विच हे सगळे सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळते. ज्याला वायरिंगची जाण नाही त्याने ते इलेक्ट्रिशियनकडून पत्र्याच्या डब्यात बसवून घ्यावे.

उरलेला पैसा कुठे घालायचा हे ठरवण्याआधी पात्यावर लिहायचे काय, हे ठरवावे लागते. पश्चिम किनाऱ्यावर याचे मोठे उदाहरण होऊन गेले आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातली पाती इथे आली आणि त्यांच्या तलवारींना ‘फिरंग’ हे नाव पडले. त्या पात्यांवरच्या खुणांना भाव होता. जेनोवाची दातेरी अर्धचंद्राची खूण आणि आंद्रेया फेरारा हे नाव यांची इतकी नक्कल झाली, कुठे जर्मनीत, कुठे इथल्या कारखान्यांत, की आज अशी खूण पाहून पाते कुठले हे कोणीही छातीठोक सांगू शकत नाही. खूण होती, पण तिच्यामागे नोंद नव्हती. आपण आज तीच चूक करायला निघालो आहोत. पात्यावर नुसते नाव उमटवणे म्हणजे उद्या कोणीही काढू शकेल अशी नक्कल स्वतःच सोपी करून देणे. नावासोबत प्रत्येक पात्याचा क्रमांक हवा, शक्य तर पोलादाची खूण हवी, आणि त्या क्रमांकाची वही कार्यशाळेत हवी: पोलाद कोणते, पाणी केव्हा दिले, कोणाला विकले. नाव कायद्याने राखायचे असेल तर १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याखाली हातअवजारे आणि कटलरीच्या आठव्या वर्गात नोंदणी करता येते, आणि ती दहा वर्षांची असते. पण नोंदणीकृत नावाचीही नक्कल होऊ शकते. वहीतल्या क्रमांकाची नक्कल पकडता येते.

हे मान्य केले की यंत्राची निवड जवळजवळ आपोआप होते. नाव कायमचे आहे, क्रमांक दर वेळी बदलतो, म्हणजे स्टेन्सिलही दोन प्रकारचे हवेत. नावासाठी जाळीवर प्रकाशसंवेदी लेप देऊन केलेले टिकाऊ स्टेन्सिल घ्यावे. ते पुन्हा पुन्हा वापरता येते आणि बारीक रेघ सांभाळते. पुष्कळांना वाटते की ते परदेशातूनच मागवावे लागते. पण लग्नपत्रिका आणि पिशव्या छापणारा स्क्रीन प्रिंटर रोज हेच करत असतो: नायलॉनची जाळी, लेप, फिल्म, एक्स्पोजर, पाण्याने धुणे. त्याला फक्त बारीक विणीची जाळी वापरायला सांगायचे. क्रमांकासाठी रेडियमवाला पुरे. गाड्यांच्या नंबरप्लेटची अक्षरे कापणारा त्याचा प्लॉटर चिकट व्हिनाइलचे स्टेन्सिल कापून देतो, आणि एका तावात शंभर क्रमांक बसतात. अक्षर चार मिलिमीटरहून लहान केले तर मात्र मधले तुकडे सोलताना फाटतात, एवढे लक्षात ठेवावे.

देवनागरीत नाव घालणाऱ्यांसाठी इथे थोडे थांबून सांगतो. द्राव खाली जसा खोदतो तसाच बाजूलाही सरकतो, त्यामुळे प्रत्येक रेघ खोलीइतकी दोन्हीकडे फुगते असे धरून चालावे. इंग्रजी मोठ्या अक्षरांना हे सहज खपते. ‘ळ’ची दोन वेटोळी, ‘क्ष’ची गाठ आणि शिरोरेषेला चिकटलेल्या मात्रा यांच्यातल्या फटी मात्र भरून जातात आणि नावाचा ठिपका होतो. म्हणून अक्षराचे वळण सडपातळ निवडावे, मधल्या फटी फिल्मवरच थोड्या रुंद करून घ्याव्यात आणि स्टेन्सिल पात्यावर एकही बुडबुडा न राहता दाबून बसवावे. नमदा तीन-चार सेकंद टेकवून उचलावा, पुन्हा टेकवावा. एकसलग दाबून धरला तर वायूचे बुडबुडे खाली अडकतात आणि खूण चट्ट्याचट्ट्यांची येते. पात्याला पाणी देऊन झाल्यावर आणि शेवटचे फिनिशिंग झाल्यावर, पण धार काढण्याआधी हे काम करावे. एचिंगची उष्णता इतकी कमी असते की पोलादाच्या कडकपणाला धक्का लागत नाही.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप लेसरचा. फायबर लेसर काही सेकंदांत अक्षरे काढतो, मग हा ओला खटाटोप कशाला? दरमहा शेकडो एकसारखी पाती काढणाऱ्यासाठी लेसर योग्यच आहे. पण ते यंत्र लाखांच्या घरात जाते, आणि जॉबवर्कला दिले तर एकेका सुरीसाठी पॉलिश केलेले पाते बाहेर पाठवावे लागते, ओरखडा आला तर परत यावे लागते. शिवाय लेसरने काळी खूण उष्णतेने काढताना सेटिंग चुकले, तर स्टेनलेसचे रक्षण करणारा क्रोमियमचा थर तिथेच बिघडतो आणि गंजाची सुरुवात नेमकी आपल्या नावापासून होते. दुसरा आक्षेप ठशाचा, आणि तो आम्हाला बऱ्याच अंशी मान्य आहे. जाड पाठीच्या कोयत्यावर, पाणी देण्याआधी, लाल असताना हातोड्याने मारलेला ठसा कोणत्याही एचिंगहून खोल आणि टिकाऊ असतो. मासळी बाजारातल्या कोयत्यावर किंवा कमरेच्या आकडीत लटकणाऱ्या कोयतीवर एचिंगची खूण दोन पावसाळ्यांत घासून जाईल. त्या कारागिरांनी पोलादाचा ठसाच करून घ्यावा. पातळ सुरीवर मात्र ठसा पाते वाकवतो, आणि त्याच्या कोपऱ्यांतून पाणी देताना चीर जाण्याचा धोका असतो.

तिसरा आक्षेप उघडपणे कोणी मांडत नाही, पण मनात पुष्कळांच्या असतो. पुण्यातल्या ‘कोयता गँग’च्या बातम्यांनंतर वाटते की, आपले नाव असलेले पाते उद्या गुन्ह्यात सापडले तर? ही भीती खोटी नाही. पण कायदा काय म्हणतो ते पाहावे. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक उपयोगासाठी घडवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. पाते कशासाठी घडवले आणि कोणाला विकले, हे ज्याच्या वहीत क्रमांकासह लिहिलेले आहे, त्याच्याकडे दाखवायला काहीतरी असते. ज्याचे पाते निनावी आहे, त्याच्याकडे फक्त तोंडी शब्द असतो, आणि पोलाद, घडण, मूठ यांवरून गावातला कारागीर तसाही ओळखू येतोच.

शेवटी द्राव. मिठाच्या पाण्यानेही एचिंग होते, पण मिठातले क्लोराइड अक्षरांच्या खोलगटात अडकून राहते. पनवेलच्या जून-जुलैच्या हवेत कार्बन पोलादावर त्याची तांबूस कड दिसायला फार दिवस लागत नाहीत. विकायच्या पात्यासाठी त्या-त्या पोलादाकरता तयार मिळणारा द्राव वापरावा, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने धुवावे, कोरडे करून लगेच तेल लावावे. काम उघड्या हवेत, हातमोजे घालून करावे, कारण खारट द्रावातून एसी जाताना थोडा क्लोरीनही सुटू शकतो. नमद्यातून निघणाऱ्या काळ्या गाळात स्टेनलेसच्या बाबतीत क्रोमियमचे क्षार असतात, तो मोरीत ओतू नये. तळोज्याजवळच्या कासाडी नदीचे प्रदूषण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले ते मोठ्या कारखान्यांमुळे, पण त्यामुळे आपल्या छोट्या मोरीला सूट मिळत नाही. गाळ झाकणाच्या बरणीत साठवावा. घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारे केंद्र तळोज्यातच आहे, चार-पाच कारागिरांनी मिळून तिथे चौकशी करावी.

ज्यांना तयार यंत्रच घ्यायचे आहे, त्यांनी पैसे देण्याआधी विक्रेत्याला आपले स्वतःचे, पाणी दिलेले पाते आणि आपल्या नावाची फिल्म द्यावी, आणि मीटरवरचा आकडा समोर दिसत असताना खूण काढून घ्यावी. मीटर नसेल, एसी नसेल, किंवा स्टेन्सिल फक्त त्याच्याकडूनच घ्यावे लागत असेल, तर ते यंत्र घेऊ नये.