तेव्हा आपण कुठे होतात?

वाचकहो, आज आरंभीच आपणांस एक प्रश्न विचारते. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधी यांच्या हत्येची बातमी आपण कुठे ऐकलीत? घरी, कचेरीत की वाटेत? कोणाच्या तोंडून? आपल्यापैकी ज्यांनी वयाची पंच्याऐंशी ओलांडली आहे, त्यांना कदाचित ३० जानेवारी १९४८ ची ती शुक्रवारची संध्याकाळही आठवत असेल. साताऱ्याकडच्या वाचकांच्या मनात ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेच्या भूकंपाची पहाट असेल, तर लातूर-धाराशिवकडून इकडे आलेल्यांच्या मनात ३० सप्टेंबर १९९३ ची, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची, किल्लारीची पहाट.

या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना शोधावे लागत नाही. चुलीवर काय होते, अंगावर कोणते कपडे होते, प्रथम कोण रडले, हे सारे ते सांगू लागतात. आणि हे सांगताना त्यांच्या स्वरात एक विलक्षण खात्री असते. आजचे लेखन या खात्रीविषयी आहे. कारण तिच्यामुळे घराघरांत वाद होतात, आणि त्या वादांतून कधी कधी माझ्या दवाखान्यात रुग्ण येतात.

आम्हा नालासोपारेकरांची अशी तारीख म्हणजे ११ जुलै २००६, मंगळवार. त्या सायंकाळी ६ वाजून २४ मिनिटांपासून अवघ्या ११ मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत ७ स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड ही स्थानकांची नावे त्या रात्री एकामागून एक ऐकू येत होती. १८० हून अधिक माणसे गेली, ८०० हून अधिक जखमी झाली. त्या सर्व गाड्या घरी परतणाऱ्या माणसांना घेऊन उत्तरेकडे निघाल्या होत्या. आमच्या गावातील क्वचितच एखादे घर असे असेल, की ज्यातले कोणीतरी त्या वेळी त्या मार्गावर नव्हते. मोबाइल लागत नव्हते. वाट पाहणे, एवढेच हाती होते.

मागील महिन्यात एक गृहस्थ आपल्या वडिलांना घेऊन माझ्याकडे आले. (त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आजोबांचे वय ७८. गिरणीतून निवृत्त. लालबागची खोली सोडून तीस वर्षांपूर्वी नालासोपाऱ्याला आलेले. सोबत आजीही होत्या. मुलगा चिंतेत होता.

"डॉक्टर, बाबांची स्मरणशक्ती तपासा. परवा पाहुण्यांसमोर सांगत होते, की अकरा जुलैला रात्री दहा वाजता त्यांनी मला स्टेशनवर गाडीतून उतरताना पाहिलं. मी त्या रात्री गाडीने आलोच नाही! गोरेगावला गाडी थांबली, तिथून चालत हायवेला गेलो, एका टेम्पोवाल्याने घोडबंदरचा पूल ओलांडून वसई फाट्यावर सोडलं. घरी पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. मी तसं सांगितलं, तर बाबा ऐकेनात. 'मी डोळ्यांनी पाहिलंय' म्हणाले. आणि तेव्हापासून ते कोणाशी नीट बोलत नाहीत."

आजोबा खाली मान घालून बसले होते. ऐकू कमी येत असावे असे प्रथम वाटले. मग जाणवले की त्यांना सर्व ऐकू येत होते.

पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी या स्मृतींविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे.

रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली अशा आठवणींना 'फ्लॅशबल्ब मेमरी' असे नाव दिले. जुन्या कॅमेऱ्याचा दिवा क्षणभर लखकन पेटावा आणि समोरचे सारे टिपले जावे, तशी ही आठवण, अशी त्यांची कल्पना होती. तिला शरीरशास्त्राचा आधारही आहे. धक्का बसला की रक्तात ॲड्रिनॅलिन वाढते, मेंदूतील अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग जागा होतो आणि शेजारच्या हिप्पोकॅम्पसला, म्हणजे आठवणी साठवण्याच्या कामी लागणाऱ्या भागाला, 'हे महत्त्वाचे आहे, जपून ठेव' असा इशारा देतो. म्हणूनच आदल्या दिवशीचे जेवण आपण विसरतो, पण ती संध्याकाळ विसरत नाही.

परंतु ही आठवण म्हणजे छायाचित्र नव्हे, हे पुढील अभ्यासांनी दाखविले. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर काही क्षणांतच नष्ट झाले. उलरिक नायसर आणि निकोल हार्श यांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी आपल्या विद्यार्थ्यांकडून 'ही बातमी कुठे, कशी ऐकली' हे लिहून घेतले आणि सुमारे अडीच वर्षांनी त्यांपैकी ४४ जणांना तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्यांतील ११ जणांच्या उत्तरातली एकही मुख्य गोष्ट पहिल्या उत्तराशी जुळली नाही. आश्चर्य असे, की ज्यांचे चुकले होते त्यांतील अनेकांची खात्री मात्र भक्कम होती. हे सर्व तरुण, निरोगी विद्यार्थी होते, हे लक्षात घ्यावे.

आपल्याकडेही असेच घडते. इंदिराजींच्या निधनाची अधिकृत घोषणा आकाशवाणीने त्या दिवशी सायंकाळी केली. तोपर्यंत बीबीसीवरून बातमी पसरली होती. तरीही 'सकाळी दहालाच आम्ही दूरदर्शनवर पाहिले' असे शपथेवर सांगणारी माणसे मला भेटली आहेत. ती खोटे बोलत नसतात. आठवण प्रत्येक वेळी सांगताना नव्याने बांधली जाते. आणि त्या बांधकामात पुढे पाहिलेली दृश्ये, इतरांचे बोलणे, दुसऱ्या एखाद्या दिवसाचा तुकडा नकळत बसविला जातो.

मी स्वतः याला अपवाद नाही. ११ जुलैची माझी आठवण अशी : दवाखान्यात दिवे गेलेले, बाहेर पावसाचा आवाज, मेणबत्तीच्या उजेडात मी तापाने फणफणलेल्या एका चिमुरडीला तपासते आहे आणि कंपाउंडर धावत येऊन सांगतो, "मॅडम, गाडीत बॉम्ब फुटला." ही हकिकत मी कितीदा तरी सांगितली असेल. काही वर्षांपूर्वी जुन्या वह्या काढताना मी त्या दिवसाचे पान उघडले. त्या सायंकाळी ती मुलगी आलेलीच नव्हती. तिचे नाव सापडले २६ जुलै २००५ च्या पानावर. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस, तोही मंगळवारच. वर्षभराच्या अंतराने आलेले दोन भयानक मंगळवार माझ्या मनाने एकत्र शिवून टाकले होते. वही समोर उघडी असतानाही मला त्या पानापेक्षा माझी मेणबत्तीच खरी वाटत होती.

आता आजोबांकडे वळू. मी त्यांची रीतसर तपासणी केली. वार, तारीख, ठिकाण, तीन शब्द लक्षात ठेवून काही वेळाने सांगणे, उलटी वजाबाकी, घड्याळाचे चित्र, हे सर्व त्यांनी व्यवस्थित केले. स्वतःची औषधे ते स्वतः घेतात, पेन्शनचा हिशेब ठेवतात. मी मुलास म्हटले, "यांची स्मरणशक्ती वयाच्या मानाने उत्तम आहे." मग आजोबांना विचारले, "बाबा, त्या रात्री तुम्ही स्टेशनवर गेला होतात?"

ते काही बोलले नाहीत. उत्तर आजींनी दिले.

"सहा-साडेसहाची बातमी आली तसे हे जे गेले, ते बारा वाजता परत आले. चहासुद्धा घेतला नाही. आणि दुसऱ्या दिवशी गाड्या चालू झाल्या, हा पुन्हा कामावर गेला, तर आठ दिवस हे रोज संध्याकाळी पुलावर जाऊन उभे. हा गाडीतून उतरलेला दिसला, की दुसऱ्या जिन्याने निघून याच्या आधी घरी. म्हणायचे, त्याला सांगू नकोस, पोरगा मोठा झालाय, त्याला बरं वाटणार नाही."

मुलाला हे ठाऊक नव्हते. इतक्या वर्षांत कोणी त्याला सांगितले नव्हते. आजोबांनी त्याला उतरताना डोळ्यांनी पाहिले होते, हे खरेच होते; फक्त ती रात्र अकरा जुलैची नव्हती. तारीख चुकली होती, वाट पाहणे चुकले नव्हते. मुलगा बराच वेळ वडिलांच्या चपलांकडे पाहत बसला. नंतर म्हणाला, "बाबा, कुठल्या जिन्याने जायचात?" आजोबा सांगू लागले.

वाचकहो, या प्रसंगातून काही व्यावहारिक गोष्टी सांगते.

जुन्या घटनेचा तपशील चुकणे म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. चिंता करावी ती निराळ्या लक्षणांची : तोच प्रश्न थोड्या थोड्या वेळाने पुन्हा विचारणे, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, गॅस चालू राहणे, औषधे दोनदा घेतली जाणे, पैशांच्या व्यवहारात नव्याने गोंधळ होणे, स्वभावात स्पष्ट बदल दिसणे. अशा वेळी डॉक्टरांना अवश्य दाखवावे. कारण बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार, नैराश्य, कमी ऐकू येणे किंवा झोपेच्या गोळ्यांचा परिणाम, अशी उपचार करता येण्याजोगी कारणेही यामागे असू शकतात. आणि काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक आलेला गोंधळ हा तर तातडीचा विषय आहे. जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम किंवा साखर घसरणे, पक्षाघात, डोक्याला लागलेला मार, यांपैकी काहीही असू शकते. 'वय झाले' म्हणून तेथे थांबू नये.

घरातील वडीलधारी मंडळी अशी हकिकत सांगू लागली, तर घड्याळ तपासत बसू नये. 'किती वाजले होते?' याऐवजी 'तुमच्यासोबत कोण होतं? मग तुम्ही काय केलंत?' असे विचारावे. चारचौघांत चूक दाखविणे तर टाळावेच. औषधे, पैसा, कागदपत्रे यांबाबत चूक सुधारलीच पाहिजे. पण वीस वर्षांपूर्वीची गाडी दहाला आली की दीडला टेम्पो, याने आज कोणाचे काही बिघडत नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत ताज्या आठवणी आधी पुसट होतात आणि जुन्या अनेकदा दीर्घकाळ टिकतात. म्हणून त्यांच्याशी संवाद साधण्यासाठी हाच दरवाजा पुष्कळदा उघडा सापडतो.

काहींसाठी मात्र ही आठवण जखम असते. त्या विषयाने छाती धडधडणे, वाईट स्वप्ने पडणे, गाडीत बसणेच टाळणे, हे महिनाभराहून अधिक चालले असेल, मग घटना कितीही जुनी असो, तर त्यावर उपचार आहेत. अशांना बोलण्याची सक्ती करू नये. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

आणि एक लहानसे काम. पुढे कधी अशी बातमी कानी आली, तर वृत्तवाहिनीवर तीच दृश्ये दिवसभर पाहत बसू नये. एकदा माहिती घेऊन दूरचित्रवाणी बंद करावी. मग डायरीत तारीख घालून चार ओळी लिहाव्यात : मी कुठे होतो, कोणी सांगितले, आधी कोणाची काळजी वाटली. घरातील प्रत्येकाने आपापले लिहावे. जुन्या घटनांविषयीही लिहावे, आणि दोघांच्या हकिकती जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवाव्यात.

ते आजोबा मागील आठवड्यात रक्तदाब तपासायला आले होते. सोबत मुलगा होता. "आता मी पाहुण्यांना दोन्ही गोष्टी सांगतो," आजोबा म्हणाले, "माझी आणि याची." रक्तदाब १३४/८० होता. गोळी तीच चालू ठेवली आहे.