विमा तुम्हाला दिसत नाही, हा माझा गुन्हा नव्हे

ज्याच्या गाडीचा विमा चालू आहे, त्याला ‘विनाविमा वाहन चालवले’ म्हणून चलान पाठवणे याला मी तांत्रिक चूक म्हणणार नाही. हा खोटा आरोप आहे. आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करावा किंवा मागे घ्यावा. ‘दोन हजारांचा तर प्रश्न आहे, भरून टाका आणि मोकळे व्हा,’ हा सल्ला मला मान्य नाही. तो एकाही नागपूरकराने मान्य करू नये.

माझे प्रकरण सरळ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. मीही तो घेतला. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा, ज्याला एजंट ओडी म्हणतात, तो दरवर्षी नवा करायचा असतो. दुसऱ्या वर्षी मी तो दुसऱ्या कंपनीकडून घेतला. दोन्हींची मुदत शिल्लक होती. तरीही शहरातल्या एका चौकात गाडीचा फोटो निघाला आणि मोबाइलवर संदेश आला: विमा नाही, दंड २,००० रुपये. मला कोणी थांबवले नव्हते, कागद मागितला नव्हता. तक्रार केली, दोन्ही पॉलिसी जोडल्या. उत्तर आले, ‘आमच्याकडे विमा दिसत नाही.’

दिसत नाही म्हणजे नाहीच, हे कोणत्या कायद्यात लिहिले आहे?

मोटार वाहन कायदा, १९८८ उघडा. कलम १४६ म्हणते, थर्ड पार्टी विमा असल्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरता येणार नाही. कलम १९६ शिक्षा सांगते: पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये. म्हणजे चुकीच्या पार्किंगच्या पावतीसारखा हा किरकोळ मामला नाही. कैदेची तरतूद असलेला गुन्हा माझ्या नावावर टाकला गेला आहे. आणि गुन्हा आहे तो विमा नसण्याचा. सरकारी सर्व्हरवर विम्याची नोंद नसणे हा गुन्हा या कायद्यात कुठेही नाही.

ही नोंद करायची कोणी? पॉलिसीची माहिती इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोकडे पाठवायची विमा कंपनीने. तिथून ती वाहननोंदणीच्या ‘वाहन’ प्रणालीत आणायची सरकारी यंत्रणेने. वाहनमालकाने हप्ता भरायचा आणि प्रमाणपत्र घ्यायचे. या साखळीत तुटण्याच्या जागा अनेक आहेत. नव्या गाडीची पॉलिसी निघते तेव्हा तिला नंबरच मिळालेला नसतो. पॉलिसीवर फक्त चॅसिस आणि इंजिन क्रमांक असतात आणि नंबर नंतर चढवावा लागतो. चॅसिस क्रमांकात एक अक्षर चुकले की पॉलिसी गाडीला जुळत नाही. थर्ड पार्टी विमा एका कंपनीचा आणि ओडी दुसऱ्या कंपनीचा असला की दोन वेगवेगळ्या तारखांचा घोळ होतो. यातली एकही चूक वाहनमालक करत नाही आणि प्रत्येक चुकीचा दंड मात्र त्याच्याच मोबाइलवर येतो.

कायदा करणाऱ्यांना याची जाण होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ वाचा. अधिकाऱ्याने मागितल्यावर विम्यासह सगळी कागदपत्रे कागदावर किंवा मोबाइलवर दाखवता येतात, आणि त्या क्षणी जवळ नसली तर मागणी झाल्यापासून १५ दिवसांत सादर करता येतात. आधी विचारायचे, मग मुदत द्यायची, त्यानंतर दंडाचे बघायचे, हा कायद्याने घालून दिलेला क्रम आहे. आज दंड आधी येतो आणि विचारणा होतच नाही.

कोणी म्हणेल, हे चलान कॅमेऱ्याचे आहे, तिथे कोण विचारणार? मग नियम १६७-अ वाचा. ११ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने तो आला आणि ज्या शहरांत कॅमेरे बसवायचे त्यांच्या यादीत नागपूरही होते. कॅमेऱ्याच्या आधारे कोणत्या गुन्ह्यांचे चलान करता येईल, हे त्या नियमात मोजून दिले आहे: वेग, लाल दिवा, हेल्मेट, सीट बेल्ट, हातात मोबाइल, उलट्या दिशेने गाडी. सगळे डोळ्यांना दिसणारे गुन्हे. त्या यादीत विमा नव्हता, कारण विमा काचेतून दिसत नाही. म्हणजे चलान कॅमेऱ्याचे असेल तर हा गुन्हा त्या यादीबाहेरचा, आणि अधिकाऱ्याचे असेल तर त्याने आधी कागद मागायला हवा होता. दोन्ही बाजूंनी हे चलान टिकत नाही. खासगी मोबाइलवर फोटो काढायचे आणि सोयीने चलान टाकायचे, ही पद्धत तर इतकी माजली होती की जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनाच ती बंद करण्याचे परिपत्रक काढावे लागले.

विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दाही घेतो. विमा आहे की नाही, हे मालकालाच ठाऊक असते. तेव्हा ते त्यानेच सिद्ध करावे. मान्य. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १०६ खाली रेल्वेच्या तिकिटाचे उदाहरण होते: विनातिकीट प्रवासाचा आरोप असलेल्यानेच तिकीट होते हे दाखवायचे. पण तिकीट तपासनीस आधी तिकीट मागतो! प्रवाशाने ते काढून हातात दिले की विषय संपतो. मी माझे तिकीट हातात दिले आहे. ते तपासायचेच नाही आणि आपल्या यादीत नाव नाही म्हणून दंड कायम ठेवायचा, याला पुराव्याचा नियम म्हणत नाहीत. ही मनमानी आहे.

मग दाद मागायची कुठे? अनेकांना लोकअदालतीचा रस्ता दाखवला जातो. लोकअदालत तडजोडीसाठी आहे. दोषी कोण आणि निर्दोष कोण हे ती ठरवत नाही, आणि तिच्या निवाड्यावर अपील नाही. जो गुन्हा मी केलाच नाही, त्यावर मी तडजोड कशाची करू? खोट्या आरोपावर सवलत मिळाली तरी आरोप खोटाच राहतो. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश, आपल्याच गावचे शरद बोबडे यांच्या हस्ते राज्यातले पहिले आभासी न्यायालय नागपुरात सुरू झाले. तिथे दंड भरण्याबरोबरच चलान नाकारण्याचाही पर्याय असतो आणि नाकारले की प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे जाते. हा पर्याय वापरा. दोन हजारांसाठी न्यायालयाची पायरी कोण चढणार, या हिशेबावरच खोटी चलाने टिकून राहतात.

मी विम्याच्या सक्तीच्या बाजूचा आहे. रस्त्यावर चिरडल्या गेलेल्या माणसाच्या घरी भरपाई पोहोचते ती याच विम्यातून. देशातली निम्म्याच्या आसपास वाहने विम्याविना धावतात आणि त्यांच्यावर कारवाई झालीच पाहिजे. म्हणूनच नोंदी खऱ्या हव्यात. अपघातात घरचा कर्ता गेलेले कुटुंब मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाते, तेव्हा धडक देणाऱ्या गाडीचा विमा कोणाकडे होता हे आधी याच नोंदीत शोधले जाते. तिथे ‘विमा नाही’ असे खोटे दिसले तर त्या कुटुंबाची भरपाई लांबते. खोट्या नोंदीची सर्वांत मोठी किंमत माझ्यासारखा गाडीवाला मोजत नाही, ती मेलेल्या माणसाची बायकोमुले मोजतात.

हे नियम ज्या खात्याने केले, त्या खात्याचे मंत्री नितीन गडकरी याच शहराचे खासदार आहेत. त्यांच्याकडे आणि राज्याच्या गृह खात्याकडे माझी मागणी स्पष्ट आहे. विम्याचे चलान काढण्याआधी मालकाला विचारा आणि नियमातले १५ दिवस द्या. वैध प्रमाणपत्र आले की चलान रद्द करा. नाकारायचे असेल तर अधिकाऱ्याने नाव घालून लेखी कारण द्यावे. आणि ज्या कंपनीने पॉलिसीची माहिती वेळेत पाठवली नाही, तिच्याकडून दंड वसूल करा.

वाचकांना एवढेच सांगतो. विम्याचे प्रमाणपत्र मोबाइलमध्ये ठेवा. ‘वाहन’वर आपल्या गाडीची नोंद आजच तपासा, चुकली असेल तर कंपनीला लेखी कळवा आणि पोच ठेवा. विमा नसेल तर दंड निमूटपणे भरा आणि आधी विमा काढा. विमा असेल तर एक रुपयाही भरू नका.