सेक्टर 34 ची शिकवणी आणि सेक्टर 14 ची प्रयोगशाळा

चंदीगडचा सेक्टर 34 दोन गोष्टींसाठी ओळखला जातो. एक म्हणजे वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांची तयारी करून घेणारे खासगी शिकवणी वर्ग. पंजाब, हरियाणा आणि हिमाचलातील मुले येथे पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र शिकायला येतात. नव्हे, त्या विषयांतील प्रश्न ठरलेल्या मिनिटांत सोडवायला शिकतात. दुसरी गोष्ट म्हणजे तेथील मैदान. सप्टेंबर 2024 च्या पहिल्या आठवड्यात याच मैदानावर भारतीय किसान युनियन (एकता उग्राहां) आणि पंजाब खेत मजदूर युनियन यांच्या हजारो शेतकरी-शेतमजुरांनी ठाण मांडले होते. राज्याने आपले कृषिधोरण जाहीर करावे, कर्जातून सोडवावे, घटत चाललेले भूजल वाचवावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्याच दिवसांत संयुक्त किसान मोर्चाची महापंचायतही येथे भरली.

या सेक्टरपासून काही किलोमीटरवर, सेक्टर 14 मध्ये, पंजाब विद्यापीठाची विज्ञानशाखा आहे. शिकवणीच्या गल्लीत विज्ञान हा विकावयाचा माल आहे. मैदानावरच्या माणसाला विज्ञान हवे आहे, कारण 2023 च्या सरकारी मूल्यमापनानुसार पंजाबात वर्षाकाठी जेवढे भूजल भरून येते त्याच्या 163 टक्क्यांहून अधिक उपसले जाते, आणि ट्यूबवेल दरसाल खोल न्यावी लागते. या दोहोंच्या मध्ये जे विद्यापीठ उभे आहे ते कोणाचे, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत तेथे उघडपणे लढवला गेला आहे. महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनीही तो दूरच्या शहराचा प्रश्न मानू नये.

या विद्यापीठाची परंपरा सामान्य नाही. 1882 मध्ये लाहोरला त्याची स्थापना झाली. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातील रसायनाचे प्राध्यापक रुचिराम साहनी यांनी पंजाब सायन्स इन्स्टिट्यूटच्या द्वारे पंजाबी भाषेत जाहीर व्याख्याने देण्यास प्रारंभ केला. श्रोत्यांत दुकानदार आणि कारागीर असत. उपकरणे विलायतेहून मागवणे परवडत नाही म्हणून 1888 मध्ये त्यांनी आपल्या घरीच उपकरणे बनवण्याचा कारखाना काढला. हेच साहनी 1914 मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, मँचेस्टरला रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि अल्फा कणांचा छायाचित्रणाच्या काचेवर होणारा परिणाम त्यांनी अभ्यासला. वसाहतीच्या राजवटीत, सरकारी नोकरीत राहून, स्वतःच्या भाषेत विज्ञान नेणारा हा माणूस आज विस्मृतीत गेला आहे. शिकवणीच्या गल्लीत त्याचे नाव ठाऊक असण्याचे कारणच नाही. प्रश्नपत्रिकेत ते येत नाही.

फाळणीने विद्यापीठाचे दोन तुकडे झाले. प्रयोगशाळा लाहोरला राहिल्या. पदार्थविज्ञान विभागाने होशियारपूरच्या सरकारी महाविद्यालयात आसरा घेतला आणि 1958 पर्यंत तो तेथेच होता. त्या विस्थापित विभागात बाल मुकुंद आनंद यांनी फोटोग्राफिक इमल्शनच्या साह्याने मूलकणांचा अभ्यास रुजवला. इमल्शनचे तंत्र गरीब देशाला सोयीचे होते. महागडा प्रवेगक नको. विश्वकिरणांनी किंवा परदेशातील प्रवेगकाने काचेवर उमटवलेले माग सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास पाहणारी चिकाटी मात्र हवी. पुढे अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाने वापरलेला सायक्लोट्रॉन चंदीगडला आणून उभा करण्यात आला. आणि जिनिव्हाजवळच्या सर्न येथील सीएमएस प्रयोगात बाह्य हॅड्रॉन ऊर्जामापकाचे भाग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेबरोबर याच विभागाने तयार केले. 4 जुलै 2012 रोजी हिग्ज कणाची घोषणा झाली, तेव्हा त्या यंत्रात चंदीगडचे श्रम होते. होशियारपूरच्या उधार खोल्यांपासून तेथवरचा प्रवास बाजारपेठेने घडवलेला नाही. सार्वजनिक पैशाने, पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या नोकऱ्यांनी आणि धीराने तो घडवला आहे.

गणिताचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. हंसराज गुप्ता आणि आर. पी. बंबाह यांनी येथे संख्याशास्त्राची, म्हणजे पूर्णांकांच्या गणिताची, एक परंपरा निर्माण केली. मिन्कोव्स्की यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले एक अनुमान सात परिमाणांसाठी 2009 मध्ये आणि आठ परिमाणांसाठी 2011 मध्ये सिद्ध झाले. ते काम राजिंदर जीत हंस-गिल, मधू राका आणि रणजीत सेहमी या तीन स्त्री-गणितज्ञांचे. या सिद्धतेला ग्राहक नाही, पेटंट नाही, ‘स्टार्टअप’ नाही. तीन अध्यापिकांना निश्चित वेतन, ग्रंथालय आणि विचार करायला मोकळा वेळ मिळाला, एवढीच तिची आर्थिक बाजू. कंत्राटी, तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापिकेकडून असले काम होईल असे ज्यांना वाटते, त्यांनी सहा महिन्यांच्या नेमणुकीवर घर चालवून पाहावे.

भूशास्त्र आणि मानवशास्त्र या विभागांना शिवालिकच्या टेकड्या घराजवळच लाभल्या. हिमाचलातील हरितल्यांगर परिसरात येल विद्यापीठाबरोबर केलेल्या शोधमोहिमेत 1968 मध्ये एका महाकाय कपीचा खालचा जबडा संशोधकांच्या हाती आला. तो त्यांना दिला एका स्थानिक शेतकऱ्याने. पुढील वर्षी सायमन्स आणि चोप्रा यांनी त्याला जायगँटोपिथेकस बिलासपुरेन्सिस असे नाव देऊन त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. अशोक साहनी यांनी येथूनच कच्छच्या प्राचीन देवमाशांवर आणि मध्य भारतातील डायनोसॉरच्या अवशेषांवर काम केले. मानवाच्या व प्राण्यांच्या उत्क्रांतीचा हा पुरावा आपल्याच मातीतला आहे. आणि 2023 मध्ये दहावीच्या पाठ्यपुस्तकातून डार्विनचा सिद्धान्त वगळण्यात आला, तोही याच देशात.

परंतु याच भूशास्त्र विभागाचा दुसरा इतिहासही सांगितला पाहिजे. तो झाकून ठेवणे म्हणजे शत्रूच्या हाती कोलीत देणे होय. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी विद्यापीठातील जॉन टॅलेंट यांनी 1989 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, या विभागातील एका प्राध्यापकाने हिमालयात सापडल्याचे सांगून प्रसिद्ध केलेले अनेक जीवाश्म प्रत्यक्षात न्यूयॉर्क, मोरोक्को अशा ठिकाणचे होते. पंचवीस वर्षे, शेकडो निबंधांतून, हा व्यवहार चालला. कित्येक सहलेखकांनी विश्वासाने आपली नावे जोडली होती. हिमालयाच्या भूरचनेविषयीचे बरेचसे साहित्य त्यामुळे संशयास्पद झाले. चौकशी होऊन दोष ठरला, तरी त्या प्राध्यापकांचे पद निवृत्तीपर्यंत टिकले.

हे घडले सार्वजनिक विद्यापीठात, जेथे नफ्याचा हेतू नव्हता. तेव्हा मालकी सार्वजनिक असली की विज्ञान आपोआप निर्मळ राहते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. निबंधांची संख्या मोजून बढती देणारी व्यवस्था, वरिष्ठापुढे मान तुकवणारी विभागीय संस्कृती आणि नमुना कोणत्या दरीतून आला हे विचारण्याचा संकोच, यांतून ते पोसले गेले. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, ही फसवणूक उघड करण्यात त्याच विभागातील एक सहलेखक पुढे आले. सहकाऱ्याला प्रश्न विचारण्याची मुभा आणि तो विचारल्यावर नोकरी न जाण्याची हमी नसती, तर तेही झाले नसते. आज निबंधांची मोजणी पूर्वीपेक्षा कडक झाली आहे आणि नोकरीची हमी पूर्वीपेक्षा सैल.

आता पैशाकडे वळू. सरकारी आकडेवारीनुसार 2020-21 मध्ये भारताने संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा 0.64 टक्के खर्च केला, आणि त्यातही उच्च शिक्षणसंस्थांचा वाटा 8.8 टक्के होता. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा 2023 मध्ये झाला. पाच वर्षांत 50,000 कोटी रुपये, असा त्याचा गाजावाजा. परंतु सरकारनेच सांगितलेल्या हिशेबात त्यातील 36,000 कोटी उद्योग, देणगीदार आणि इतर स्रोतांकडून यावयाचे होते. उलट 1 जुलै 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 1 लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती खासगी क्षेत्राला अल्प किंवा शून्य व्याजाने दीर्घ मुदतीचे भांडवल पुरवण्यासाठी. विद्यापीठासाठी देणगीदार शोधा आणि भांडवलदारासाठी तिजोरी उघडा, हे धोरण यापेक्षा स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही. जुलै 2022 मध्ये सार्वजनिक संशोधनसंस्थांच्या उपकरणांवरील वस्तू व सेवा कर 5 वरून 18 टक्क्यांवर नेण्यात आला. शिकवणी वर्गांच्या शुल्कावरही 18 टक्केच कर आहे. सेक्टर 34 ची शिकवणी आणि सेक्टर 14 चा सूक्ष्मदर्शक, सरकारच्या लेखी दोन्ही सारखीच चैन!

शाळकरी वयात विज्ञानाची ओढ हेरून तिला आधार देणाऱ्या योजनांचीही हीच गत झाली. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा 2021 नंतर थांबली. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना 2022 मध्ये बंद करून दुसऱ्या योजनेत विलीन करण्यात आली. मोकळ्या झालेल्या जागेत शिकवणीवाले शिरले नसते तरच नवल. त्या मुलांना व त्यांच्या पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या समाजात संशोधकाला पस्तिशीपर्यंत कायम नोकरीची शाश्वती नसते, तेथे शेतकऱ्याचे घर जमीन गहाण टाकूनही मुलीला डॉक्टर करू पाहणार. हरगोविंद खुराणा यांनी लाहोरच्या पंजाब विद्यापीठातून 1945 मध्ये एम.एस्सी. केले, 1949 मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांना काम मिळाले नाही आणि ते पुन्हा परदेशी गेले. 1968 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा देशाने त्यांना आपले म्हटले. नवस्वतंत्र देशाची तेव्हाची अडचण समजण्याजोगी होती. आजच्या सरकारला ती सबब नाही.

पैसा आटवला की तूट येते, तूट आली की शुल्क वाढते, आणि शुल्क वाढले की पोलीस येतात. एप्रिल 2017 मध्ये पंजाब विद्यापीठात नेमके हेच घडले. प्रचंड शुल्कवाढीविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले, त्यांच्यावर लाठ्या चालल्या, अनेकांना अटक झाली, आणि गुन्ह्यात राजद्रोहाचे कलमही घालण्यात आले. ते नंतर मागे घ्यावे लागले. शुल्क परवडत नाही असे म्हणणे हा राजद्रोह होतो, ही राज्यकर्त्या वर्गाची मनोवृत्ती त्या दिवशी कागदावर उतरली.

त्यानंतरचा घाव विद्यापीठाच्या कारभारावर पडला. 1947 च्या कायद्याने येथे सुमारे नव्वद सदस्यांची सिनेट आहे. तिच्यात अध्यापकांचे प्रतिनिधी आहेत आणि नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले 15 सदस्य आहेत. या सिनेटची मुदत 31 ऑक्टोबर 2024 रोजी संपली. निवडणूक झालीच नाही. वर्षभर विद्यार्थी ती मागत राहिले. मग 28 ऑक्टोबर 2025 च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने सिनेट 31 सदस्यांवर आणली आणि पदवीधरांचा मतदारसंघच पुसून टाकला. मध्यंतरी, आंदोलन करणार नाही असे हमीपत्र प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यांकडून लिहून घेण्याचाही घाट घातला गेला होता.

यावेळी मात्र विद्यार्थी एकटे राहिले नाहीत. ज्या शेतकरी संघटना वर्षापूर्वी सेक्टर 34 च्या मैदानावर बसल्या होत्या, त्या विद्यापीठाच्या दारात आल्या. 7 नोव्हेंबर 2025 रोजी केंद्राला अधिसूचना मागे घ्यावी लागली. तरीही 10 तारखेला, पोलिसांनी वाटा अडवल्या असता, प्रचंड जनसमुदाय विद्यापीठाच्या आवारात शिरला, कारण निवडणुकीची तारीख कोणी दिली नव्हती. 27 नोव्हेंबरला कुलपतींनी वेळापत्रकाला मान्यता दिली. त्यात मतदानासाठी सप्टेंबर-ऑक्टोबर 2026 चा काळ धरण्यात आला.

शेतकऱ्याला सिनेटशी काय देणेघेणे, असा प्रश्न तेव्हा दिल्लीच्या काही पंडितांनी उपस्थित केला. त्याचे उत्तर भूजलाच्या आकड्यात आहे. कोणत्या गावाच्या पाण्यात काय उतरले आहे, भाताऐवजी काय पिकवता येईल, हे शोधणारा रसायनज्ञ किंवा वनस्पतिशास्त्रज्ञ कंपनीच्या पगारावर असेल तर निष्कर्ष कोणाच्या कपाटात जातील, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. बियाणे व कीटकनाशकांच्या दुकानात तो ते रोज शिकतो. आपल्या चळवळीत विज्ञानाचा प्रश्न पुष्कळदा अंधश्रद्धा आणि पाठ्यपुस्तके यांपाशीच थांबतो. ते काम मोलाचे आहेच. परंतु प्रयोगशाळेतील जागा भरल्या का, छात्रवृत्ती वेळेवर मिळाली का, संशोधनाचा विषय कोण ठरवतो, हे प्रश्न कामगार आणि किसान संघटनांच्या मागणीपत्रकात अभावानेच दिसतात. गणित, संख्याशास्त्र, आनुवंशिकी आणि इतिहास अशा चारी दिशांना संचार करणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबींचा वारसा सांगणाऱ्यांनी तरी ही उणीव ठेवू नये.

महाराष्ट्रात यासाठी नवा कायदा आणावा लागणार नाही. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा अधिसभेत आहेत. मुंबई विद्यापीठाची ती निवडणूक ऑगस्ट 2023 मध्ये स्थगित झाली. सप्टेंबर 2024 मध्ये मतदानाच्या तोंडावर ती पुन्हा लांबवण्याचा प्रयत्न झाला, आणि उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केल्यावरच 24 सप्टेंबरला मतदान झाले. पदवीधर असलेला बँक कर्मचारी, शिक्षक, गिरणी कामगाराची शिकलेली मुलगी, शेतकऱ्याचा बी.एस्सी. झालेला मुलगा, असे सारेच त्या मतदारयादीत नाव नोंदवू शकतात. कामगार संघटनांच्या किती कार्यालयांत त्या नोंदणीचे अर्ज ठेवलेले असतात, याची पाहणी करून पाहण्यासारखी आहे.