जिम्नॅस्टिक्सला घालण्याआधी तासभर बसून बघा



जून आला की वह्या-पुस्तकांबरोबर आणखी एक प्रश्न घरात येतो, संध्याकाळी मुलांना कुठे घालायचं? आमच्या लहानपणी पाठशाळा आणि फार तर नाचाचा क्लास, एवढ्यात उत्तर संपायचं. आता जिम्नॅस्टिक्सचं विचारणाऱ्या आया मंदिरात हमखास भेटतात. "ताई, कुठला क्लब चांगला हो?" आणि लगेच पुढे, "त्या अमक्या क्लबची मुलं स्टेटला जातात म्हणे."

माझं मत यावर ठाम आहे. सहा-सात वर्षांच्या लेकरासाठी भिंतीवरची मेडलं बघून क्लब निवडू नका. जो क्लब तुम्हाला कोपऱ्यात बसून तासभर सराव बघू देतो, तो निवडा. जो बसू देत नाही, तो कितीही नावाजलेला असो, तिथून उठा.

कोच लोक म्हणतात, आई समोर असली की मुलांचं लक्ष उडतं. खरं आहे ते, मी नाकारत नाही. मग काचेमागे बसवा, गॅलरीत बसवा, महिन्यातून दोनदाच बसवा. पण दार कायमचं बंद, हे चालणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिरात पालकांना प्रवेश नसायचा. त्याच संघाचा डॉक्टर लॅरी नासर वर्षानुवर्षं मुलींवर अत्याचार करत होता. १५० हून जास्त मुली न्यायालयात उभ्या राहून बोलल्या, तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. ब्रिटनमध्ये २०२२ साली चौकशीचा अहवाल आला, त्यात तर रोजच्या गोष्टी होत्या : वजनावरून टोमणे, दुखत असताना सराव, जबरदस्तीने अंग ताणणं. हे सगळं शिस्तीच्या नावाखाली चाललेलं. आपल्याकडे असं नसतं, अशा समजुतीत राहू नका.

बसलात की काय बघायचं? बाकी काही नाही बघितलं तरी चालेल, पण स्प्लिट करून घेताना बघा. मी एका ठिकाणी बघितलं, सात वर्षांची पोर रडत होती आणि कोच तिच्या खांद्यावर भार देऊन तिला खाली दाबत होते. शेजारी बसलेल्या आया म्हणाल्या, "सुरुवातीला रडतातच." ताण बसणं वेगळं आणि कळ येणं वेगळं, हे स्वयंपाकघरात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बाईला कुणी शिकवायला नको. वाढत्या वयात हाडांची टोकं कच्ची असतात, तिथे घाई केली तर मनगट आणि टाच आधी बोलायला लागते. चांगला कोच मुलाला स्वतःच्या वजनाने खाली जाऊ देतो आणि आठवडे थांबतो.

दुसरं, पडायला शिकवतात का ते बघा. स्पर्धेतला बीम जेमतेम १० सेंटिमीटर रुंद आणि १२५ सेंटिमीटर उंच असतो. नवख्या मुलाला आधी जमिनीवर आखलेल्या रेघेवर चालवायचं असतं, मग बुटक्या बीमवर. पहिल्याच आठवड्यात उंच बीमवर चढवून आईला फोटो पाठवणाऱ्या क्लबपासून सावध राहा. आणि कार्यालयाच्या फरशीवर योगाच्या पातळ चटया अंथरून उलट्या कोलांट्या घेत असतील, तर फी कमी आहे म्हणून भुलू नका.

कोच मुलाला हात लावणारच. कंबरेला, मांडीला आधार दिल्याशिवाय हा खेळ शिकवता येत नाही. म्हणूनच तो कुठे आणि कशासाठी लावला जातो, हे आईला आणि मुलाला आधी सांगितलेलं असावं. सरावाच्या वेळी हॉलमध्ये एखादी बाई असावी. मुलगा असला तरी हे विचाराच.

आता आपल्या घरचे प्रश्न. बहुतेक बॅचेस साडेपाच ते साडेसात असतात. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास दिवस मावळतो. चौविहार पाळणाऱ्या घरातलं लेकरू मग उपाशीच झोपणार किंवा नियम मोडणार. चारची बॅच मागा, सकाळची मागा. पाच-सहा घरं एकत्र गेलात तर वेळ बदलून मिळते. कोच अंडी द्या म्हणतील, तर मूग, हरभरे, दही, शेंगदाण्याचा लाडू काय काय देतो ते शांतपणे सांगा. ऐकून घेणारा कोच पुढेही तुमचं ऐकेल. दशलक्षणात किंवा पर्युषणात मुलाने हौसेने एकाशन केलं, तर त्या दिवशी सराव नाही, हे पहिल्याच भेटीत बोलून ठेवा. रिकाम्या पोटी बारवर लोंबकळताना चक्कर आली तर खाली पडायला वेळ लागत नाही. बारसाठी हाताला बांधायच्या ग्रिप साधारणपणे चामड्याच्या असतात. लहान मुलांना त्या लागत नाहीत, पण पुढचा प्रश्न आहे म्हणून सांगून ठेवते.

कपड्यांवरून मुलींना दहाव्या वर्षी घरी बसवतात, त्याचं मला वाईट वाटतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या मुली घोट्यापर्यंत पाय झाकणारा पोशाख घालून उतरल्या होत्या. नियमात बसतं ते. गावातल्या क्लबला लेगिंग चालत नाही म्हणणारे कोण?

आणि घाई कसली? महिला गटात आंतरराष्ट्रीय सीनियर स्पर्धेला त्या वर्षी १६ पूर्ण होणारी मुलगीच चालते. दीपा कर्माकर रिओत चौथी आली, पदक ०.१५ गुणांनी हुकलं, तेव्हा ती २३ वर्षांची होती. तिची तळपावलंही सपाट होती. सहाव्या वर्षी "हिच्यात दम नाही" म्हणणाऱ्या कोचचं मनावर घेऊ नका.

गावात धड हॉलच नसेल, तर जवळच्या तालमीत मल्लखांब शिकवतात का बघा. दोरीच्या मल्लखांबाने मुलींचं अंग तितकंच लवचीक होतं आणि हातात ताकद येते. तिथेही आधी तासभर बसायचंच.

फी एकदम वर्षाची भरू नका, एका महिन्याची भरा. आणि पहिल्यांदा चौकशीला जाल तेव्हा मुलांना घरी आजीपाशी ठेवून जा. रंगीत मॅट आणि उड्या मारायची जाळी एकदा दिसली, की ती काही तिथून हलायची नाहीत आणि तुमचं बघायचं राहून जाईल.